पूर्वजांची वही, वंशजांची जबाबदारी

त्र्यंबकेश्वरी किंवा नाशिकच्या गोदाकाठी गेलेला यात्रेकरू आपले गाव आणि आडनाव सांगतो, तीर्थोपाध्याय कापडात बांधलेली नामावळी उलगडतात आणि थोड्याच वेळात त्या यात्रेकरूच्या पणजोबांच्या हातची ओळ त्याच्यापुढे येते. कोणत्या साली ते आले, सोबत कोण होते, मुलेबाळे किती, हे सारे तेथे नोंदलेले असते. या परंपरेचे कौतुक सर्वजण करतात. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वही कोणासाठीही उघडत नाही. विचारणाऱ्याला आधी आपले कूळ सांगावे लागते, नात्याचा धागा जुळवून द्यावा लागतो, आणि मगच पान उघडते. वहीला राखणदार आहे.

संगणक आणि मोबाईल यांच्या युगात वंशावळीची वही घराघरांत उघडली गेली आहे. ही आनंदाची बाब होय. परंतु वही उघडताना तिचा राखणदार मात्र निरोप घेऊन गेला, याची जाणीव फारच थोड्या कुटुंबांना आहे.

वंशावळीचे मोल मराठवाड्याला कोणी नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मालोजीराजांचे वेरूळ याच भूमीत आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसले कुळाच्या परंपरेचा प्रश्न पुढे आला, तेव्हा शास्त्राधार उभा करणारे गागाभट्ट काशीचे विद्वान असले, तरी त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. कुळाचा कागद हा केवळ कौतुकाचा विषय नसून प्रसंगी तो इतिहासाला वळण देतो, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

गावोगावी चाललेला शोध

आज हाच कागद मराठवाड्यातील लक्षावधी कुटुंबांच्या जिव्हाळ्याचा विषय झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. सापडलेल्या नोंदी जिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवर प्रसिद्ध झाल्या. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेऊन गावपातळीवरील चौकशीची पद्धत घालून दिली. आरक्षणाच्या प्रश्नाची चर्चा हा येथे विषय नाही. त्यावर मतमतांतरे आहेत आणि ती राहतील. परंतु या निमित्ताने ज्या घरांत आजवर वंशावळ कधी लिहिली गेली नव्हती, त्या घरांतही ती आता कागदावर उतरत आहे, आणि कागदावरून तत्काळ मोबाईलवर जात आहे, ही वस्तुस्थिती आहे.

हा शोध सोपा नाही. निजामी राजवटीतील दफ्तर प्रामुख्याने उर्दूत, त्यापूर्वीचे फार्सीत, तर गावकामगारांचे कागद बहुधा मोडीत. उर्दू लेखनात ह्रस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत आणि शिकस्ता वळणात नुक्तेही गळतात. त्यामुळे एकच आडनाव दोन वाचकांकडून दोन तऱ्हेने वाचले जाऊ शकते. म्हणून आडनावाची शक्य तितकी रूपे हाताशी ठेवूनच शोध घ्यावा. सनांचाही असाच घोटाळा होतो. हैदराबाद संस्थानाच्या कागदांवर फसली सन असतो; त्यात ५९० मिळविले असता साधारणपणे इसवी सन मिळतो. फसली १३१० म्हणजे इसवी सन १९००-०१. शके असेल तर ७८ मिळवावेत. हे साधे गणित चुकल्याने आजोबा नातवापेक्षा लहान ठरल्याच्या वंशावळी तयार होतात!

स्थळांच्या नावांबाबतही सावध असावे. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. मात्र त्यापूर्वीच्या नोंदी जुन्या नावाखालीच शोधाव्या लागतात, आणि परदेशी संकेतस्थळांवर त्या नावाखाली बिहारमधील औरंगाबादच्याही नोंदी येतात. अंबड, भोकरदन, जालना हे तालुके १ मे १९८१ पर्यंत याच जिल्ह्यात होते. तेव्हा त्या गावांचे जुने दफ्तर जालन्यात सापडले नाही, तर निराश होण्याचे कारण नाही. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, परंतु संस्थानाच्या मध्यवर्ती दफ्तराचा मोठा भाग हैदराबादेतच राहिला, हेही ध्यानात असावे. रुडकीच्या आयआयटीने २०२५ मध्ये मोडी मजकूर देवनागरीत आणणारी संगणकीय प्रणाली जाहीर केली, हे स्वागतार्हच आहे. तथापि यंत्राने वाचलेले नाव जाणत्या मोडी वाचकाकडून तपासून घेतल्याखेरीज वंशावळीत चढवू नये.

एकाची चूक, साऱ्या कुळाला

खरी चिंता वंशावळ तयार झाल्यानंतर सुरू होते. भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी संपूर्ण वंशवृक्ष टाकतो. त्यात पाच पिढ्यांची नावे असतात. हयात मंडळींच्या जन्मतारखा, पत्ते, मोबाईल क्रमांक, सुनांची माहेरची नावे आणि 'पुरावा' म्हणून जोडलेली आधार कार्डांची छायाचित्रेही असतात. तो गट शंभर-दोनशे जणांचा असतो आणि त्यातील प्रत्येकाचे आणखी दहा गट असतात. दोन दिवसांत तो कागद कोठे पोहोचला, हे कोणालाच सांगता येत नाही.

यात बिघडले काय, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. नातेवाईकाचे नाव आणि नाते ठाऊक असलेला भामटा हा अनोळखी भामट्याहून कितीतरी अधिक घातक असतो. 'काका, मी अमक्याचा मुलगा बोलतोय, दवाखान्यात आहे,' असा दूरध्वनी आला आणि बोलणाऱ्याने आजोबांचे नावही बरोबर सांगितले, तर संशय कोण घेणार? आईचे माहेरचे आडनाव हा अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर विचारला जाणारा गुप्त प्रश्न आहे. वंशावळीत त्याचे उत्तर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. म्हणून वंशावळीतून स्त्रियांची माहेरे गाळावीत, असे मात्र मुळीच नाही. त्या आधीच पुष्कळ गाळल्या गेल्या आहेत! उलट त्या गुप्त प्रश्नाचे उत्तर म्हणून माहेरचे खरे आडनाव न देता स्वतःलाच ठाऊक असलेला भलताच शब्द द्यावा.

रक्ताच्या नात्याची माहिती एकट्याची नसते, हे जगाने २०२३ मध्ये पाहिले. जनुकीय चाचणीवरून वंश सांगणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरट्यांनी उघडली. त्यासाठी त्यांना फारसे कौशल्यही लागले नाही. त्या ग्राहकांनी अन्यत्र वापरलेला आणि अन्यत्र फुटलेला संकेतशब्दच येथेही ठेवला होता. परंतु नातेवाईक शोधून देण्याच्या सोयीमुळे त्या १४ हजार खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या स्वतंत्र याद्या करून त्या विक्रीस मांडल्या गेल्या. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि ग्राहकांच्या जनुकीय माहितीचे पुढे काय होणार, असा प्रश्न उभा राहिला. बँकेचा संकेतशब्द बदलता येतो; रक्त बदलता येत नाही. केवळ कुतूहलापोटी परदेशी प्रयोगशाळेकडे लाळेचा नमुना पाठविण्यापूर्वी हा निर्णय आपल्या एकट्याचा नसून भावंडांचा आणि पुढील पिढ्यांचाही आहे, याचा विचार व्हावा.

नोंदींच्या शोधात असलेल्यांची अधीरता हेही भामट्यांचे भांडवल होऊ शकते. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके प्रकारची फाईल पाठवून मोबाईलचा ताबा घेण्याच्या प्रकारांबाबत काही राज्यांच्या पोलिसांनी २०२४ मध्ये इशारे दिले होते. पत्रिकेच्या जागी 'आपल्या गावातील नोंदींची यादी' असे नाव द्यायला कितीसा वेळ लागतो? शासकीय संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. तो पाहिल्याशिवाय कोठेही माहिती भरू नये. नोंद मिळाल्याचे सांगून ओटीपी मागणारा मनुष्य शासनाचा नसतो. फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक असते.

तर्पणाची मर्यादा

मग वंशावळ लिहूच नये काय? अवश्य लिहावी. कोणते नाव जगापुढे मांडावे आणि कोणते घरात ठेवावे, याची मर्यादा हिंदू परंपरेतच सापडते. पितृपक्षात तर्पण करताना पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात. ज्यांना तर्पण दिले जाते, त्यांची नावे खुशाल जगापुढे मांडावीत. जे तर्पण देतात, त्यांची घरातच राहावीत. हयात व्यक्तीचा उल्लेख सार्वजनिक वंशवृक्षात केवळ 'एक मुलगा, दोन मुली' एवढाच असावा. हा एकच नियम पाळला, तरी निम्म्याहून अधिक धोका टळेल.

उरलेली पथ्ये फार कठीण नाहीत. वंशावळीची मूळ प्रत घरच्या संगणकावर ठेवावी. ग्रॅम्प्ससारखी मुक्त आणि विनामूल्य संगणक प्रणाली त्यासाठी उपलब्ध आहे, तिच्यात देवनागरीत लिहिता येते आणि माहिती कोणाच्या दूरच्या यंत्रावर पाठवावी लागत नाही. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या माध्यमांवर काढून एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या विश्वासू आप्ताकडे द्यावी. प्रत्येक खात्याला स्वतंत्र संकेतशब्द आणि दुहेरी पडताळणी असावी. आधार द्यावेच लागले, तर शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी. जुन्या कागदांची छायाचित्रे दिवसाच्या सौम्य उजेडात, फ्लॅश न वापरता घ्यावीत; त्यांना प्लास्टिकचे वेष्टन कदापि चिकटवू नये, कारण तो कागद पुन्हा सुटत नाही. छायाचित्र फाईलरूपाने पाठविताना त्यात स्थळाची नोंद राहून जाते, ती आधी बंद करावी. कागद टिपण्यासाठी वाटेल ते ॲप घेऊ नये. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने देशाच्या सुरक्षेच्या कारणास्तव ज्या ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यांत घरोघरी कागद टिपण्यासाठी वापरले जाणारे कॅमस्कॅनरही होते, हे विसरून चालणार नाही.

कायदा रक्षण करील, या भरवशावरही राहू नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा महत्त्वाचा आहे. परंतु व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला तो लागू होत नाही, आणि घरगुती कारणासाठी व्यक्तीने केलेला वापरही त्याच्या कक्षेबाहेर आहे. भावकीतील उत्साही पुतण्याला कायदा अडविणार नाही. घरातील वडिलांनीच त्याला अडवावे लागेल.

स्वदेशी वहीची गरज

या विषयाला आणखी एक बाजू आहे. हरिद्वारसह अनेक तीर्थक्षेत्रांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने विसाव्या शतकातच घेतली आणि त्यांतील बऱ्याच आज फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ही संस्था मॉर्मन चर्चची आहे. त्या पंथात मृत व्यक्तींच्या नावे बाप्तिस्मा देण्याचा विधी आहे. पूर्वजांची नावे शोधण्यामागे ती श्रद्धा आहे आणि तो पंथ ती लपवीत नाही. ज्यूंच्या वंशसंहारात बळी पडलेल्यांच्या नावे असे विधी झाल्याचे उघड झाले, तेव्हा ज्यू संघटनांनी आक्षेप घेतला आणि १९९५ मध्ये चर्चला त्यांच्याशी करार करावा लागला. महात्मा गांधींच्या नावाने असा विधी झाल्याचे वृत्त २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हिंदूंमधूनही निषेध व्यक्त झाला होता.

परंतु निषेधावर थांबणे पुरेसे नाही. त्या संस्थेने त्या वह्या टिपल्या नसत्या, तर त्यांतील कित्येक वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडल्या असत्या, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. दोष परक्यांच्या उद्योगाचा नाही, स्वकीयांच्या आळसाचा आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाड्यावाड्यांतून आणि माळ्यामाळ्यांवरून कागद गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास १८९८ मध्ये आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी ना धन होते ना यंत्र. आज प्रत्येक खिशात यंत्र आहे, उणीव आहे ती त्या तळमळीची.

मंदिर संस्थाने, विद्यापीठे, शासनाचा पुराभिलेख विभाग आणि तीर्थोपाध्याय यांनी एकत्र येऊन या नामावळ्यांचे जतन याच देशातील यंत्रांवर करावे; तीर्थोपाध्यायांचा हक्क आणि सन्मान अबाधित ठेवावा; आणि विचारणाऱ्याने कूळ सांगितल्यावरच पान उघडावे, ही जुनी मर्यादा नव्या यंत्रातही उतरवावी. तसे होईपर्यंत प्रत्येक घराने आपापल्या वहीचे राखणदार व्हावे. पूर्वजांचे स्मरण हे ऋण आहे; ते फेडताना वंशजांना उघड्यावर सोडणे, ही त्या ऋणाची फेड खचितच नव्हे.