समेटाच्या कागदाआधी घरगुती घटना अहवाल भरावा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी

विषय : घरगुती हिंसाचाराने पीडित महिलांना तालुका पातळीवर वेळेत संरक्षण मिळण्याबाबत.

महोदया,

आमच्या गावची एक लेक गेल्या वर्षी सासरच्या मारहाणीत गेली. खटला न्यायप्रविष्ट आहे. त्याबाबत येथे काही मागणे नाही. हे निवेदन आज मार खात नांदणाऱ्या लेकीसुनांसाठी आहे.

गेलेल्या लेकीच्या पत्र्याच्या पेटीत कागद निघाले. दवाखान्याच्या केसपेपरवर ‘घरात पाय घसरून पडल्याने मार’ अशी नोंद. पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंदीची प्रत. आणि नवऱ्याने मुद्रांकावर लिहून दिलेली हमी : ‘यापुढे त्रास देणार नाही, नीट नांदवीन.’ खाली पंचांच्या सह्या. कागद होत राहिले आणि त्यांच्या भरवशावर तिला पुन्हा नांदायला धाडले गेले. हिंसेची अधिकृत नोंद करणारा घरगुती घटना अहवाल मात्र पेटीत नव्हता. तो कोणी भरलाच नव्हता.

घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. पीडितेला संरक्षण आदेश मागता येतो, राहत्या घरात राहण्यासाठी आदेश मागता येतो, मोफत कायदेशीर मदत मिळते, हे तिला सांगण्याची जबाबदारी कलम ५ ने पोलिसांवर आणि संरक्षण अधिकाऱ्यावर टाकली आहे. पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम १२ सांगते. पण अहवाल नाही आणि अर्जही झाला नाही, तर ते साठ दिवस मोजायचे कुठून?

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी : मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला समुपदेशनाला किंवा समेटाला बसवण्यापूर्वी घरगुती घटना अहवाल भरला जावा आणि त्याची प्रत तिच्या हातात पडावी. समेट करायचा की नाही, हे तिने ठरवावे, पंचांनी नव्हे. त्यासाठी पोलीस अधीक्षकांसोबत बैठक घेऊन लेखी सूचना काढाव्यात.

प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी हवा. सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२५ मध्ये जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. अतिरिक्त कार्यभार सांभाळणारा अधिकारी वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचत नाही, हा आमच्या भागातील बायकांचा अनुभव आहे. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि १८१, ११२ हे मदत क्रमांक ग्रामपंचायत, रेशन दुकान, अंगणवाडी आणि उपकेंद्राच्या भिंतीवर ठळक रंगवावेत.

दवाखान्यात मार लागून आलेल्या बाईला सासरच्या माणसांपासून बाजूला घेऊन एकटीला विचारावे. नवरा शेजारी उभा असताना कोणती बाई खरे सांगेल? कलम ४ नुसार शेजारीपाजारीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतात आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही. हे ग्रामसभेपूर्वीच्या महिला सभेत वाचून दाखवावे. पोलीस पाटील आणि आशाताईंना याचे प्रशिक्षण द्यावे.

आमच्या गेलेल्या लेकीच्या वर्षश्राद्धाला पंगत घातली नाही. बायका जमल्या आणि आजवर दाबून ठेवलेले बोलू लागल्या. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, न्यायालयात पीडितेसोबत जाण्याची तयारी असलेल्या महिलांची नावे व क्रमांक सोबत जोडले आहेत. ती यादी संरक्षण अधिकाऱ्यांकडे द्यावी, आम्हाला भेटीची वेळ द्यावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
मृत विवाहितेची आई व गावातील महिला बचत गटांच्या सदस्या

प्रत माहितीसाठी : मा. पोलीस अधीक्षक, मा. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी