घमेले उचलण्यापूर्वी

राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर जवळ आले की आपल्या महाविद्यालयात ‘श्रमदान’ हा शब्द दुमदुमू लागतो. आमच्या घरी मात्र तो चमत्कारिक वाटतो. रोजाने कामाला जाणाऱ्या घरात श्रम विकायचा असतो; तो दान कसा करायचा, असे आजीने मला सरळच विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

पिअर सेरेसोल नावाचा एक स्विस इंजिनिअर होता. पहिल्या महायुद्धात व्हर्दंजवळची फ्रेंच खेडी बेचिराख झाली. १९२० साली तो काही सोबती घेऊन तिथल्या एका खेड्यात घरे उभारायला गेला. सोबत्यांत जर्मनही होते! शत्रूच्या हातची मदत त्या मुलखाला पचली नाही आणि काही महिन्यांत काम आवरावे लागले. मला या अपयशाचेच मोल अधिक वाटते. भिंत का पडली, कुणी पाडली, हे ठाऊक असूनच ती माणसे तिथे गेली होती. पुढे १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल समुद्र ओलांडून आला आणि उजाड गावे नव्याने वसवण्याच्या कामाला लागला. त्याच्या ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे स्वयंसेवक १९५० नंतरच्या दशकात वरोऱ्याला, आपल्या हिंगणघाटात जन्मलेल्या बाबा आमट्यांच्या आनंदवनात, बांधकामाला आले. ज्यांना सख्खे नातलग शिवत नव्हते त्यांच्या खांद्याला खांदा लावून या परदेशी पोरांनी काम केले. ही वस्ती गावाबाहेर का, हे त्यांना तिथे समजून घ्यावेच लागले असणार.

आपण काय करतो? सात दिवस जातो, रस्ता झाडतो, नाली खोदतो, समारोपाला भाषणे ऐकतो. गावात पाणी कुठून शिरते, कोणती विहीर पूर्वी कुणाला बंद होती, हे विचारतो का? सेवाग्राम तर आपल्या उशाशी आहे. १९३६ साली गांधीजी तिथे आले तेव्हा ते शेगाव होते; सेवाग्राम हे नाव १९४० चे. बापूकुटी मुळात इंग्लंडहून आलेल्या मीराबेनची झोपडी. भिंतीवरचे मातीचे ताड आणि चरखा तिच्या हातचे. हे सहलीला आलेल्याला सांगता येते. पण माती तुडवणारे, कवेलू चढवणारे कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

काही प्राध्यापक म्हणतात, श्रमदानाने विद्यार्थ्यांना श्रमाची प्रतिष्ठा कळते. कळत असेल. पण ज्या गावात हाताला काम हवे आहे तिथे आपण फुकट रस्ता करून दिला, तर कुणाचा रोज बुडतो हेही कळायला हवे. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, तो काय उगाच?

म्हणून माझी सूचना आहे. यंदा शिबिराच्या पहिल्या दिवशी फावडे-घमेले बाहेर काढूच नये. गावातला मिस्त्री, कोतवाल आणि घर पोतारणारी एखादी म्हातारी यांच्यापाशी बसावे. कोणते काम मजुरीचे आणि कोणते आपण करण्याजोगे, हे त्यांनीच सांगावे. शिबिराच्या वहीत हजेरी आणि खर्च असतो. त्यातच चार कोरी पाने या माहितीसाठी ठेवावीत. वहीचा खर्च फार वाढणार नाही.