एकाच चेनव्हीलाचा संसार

मृगाच्या सरी कोसळूं लागल्या म्हणजे जालना जिल्ह्यांतील वाटांचें रूप पालटून जातें. अंबड-घनसावंगीकडील गोदाकांठ असो, कीं उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडील अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पायथा असो, बेसाल्ट खडक झिजून झालेली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि माणसाच्या पायास, बैलगाडीच्या धांवेस व सायकलीच्या टायरास सारख्याच मायेनें बिलगते. उन्हाळ्यांत दगडासारखी टणक असलेली पाणंद आषाढांत चाक जागचें हलूं देत नाहीं. अशाच वाटेनें सायकल हांकण्याची हौस अलीकडे कांहीं तरुण मंडळींस लागली आहे. त्या हौसेचा खर्च कोणत्या बेतानें करावा, हा या महिन्याचा विषय.

जालन्याच्या एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, त्यांच्या कन्येस ‘सायक्लोक्रॉस’ नांवाच्या शर्यतीचें वेड लागलें आहे. तयार परदेशी सायकलीची किंमत तिच्या कॉलेजच्या वर्षाच्या फीहून अधिक आहे. आणि कन्या म्हणते, घरच्या जुन्या गिअरच्या सायकलीवर निरनिराळ्या कंपन्यांचे सुटे भाग बसवून काम भागेल. हें शहाणपण कीं भंगार गोळा करण्याचा छंद, असा त्यांचा रोखठोक प्रश्न आहे. आमचें उत्तरही तसेंच आहे: तीन मापें जुळविलीं तर शहाणपण, न जुळविलीं तर भंगार.

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल, गवत, वाळू आणि मुद्दाम घातलेले अडथळे यांतून चालणारी सुमारें तासाभराची सायकलशर्यत. तिचा जन्म फ्रान्समधील. १९०२ सालीं तेथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली व १९५० सालीं पॅरिस येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली. अडथळ्यापाशीं स्वार खालीं उतरतो, सायकल खांद्यावर टाकून धांवतो आणि पुन्हां तिजवर उडी घेतो. अशा खेळांत यंत्र जितकें साधें तितकें बरें.

गिअरच्या सायकलीस पुढें बहुधा दोन किंवा तीन चेनव्हीलें असतात आणि चेन एकावरून दुसऱ्यावर ढकलण्यास एक लहानसा पिंजरा असतो. त्यास पुढचा डिरेलर म्हणतात. त्याची जागा मागच्या चाकाच्या अगदीं पुढ्यांत. चाक चिखल वाहून आणतें, पिंजरा तो सांठवितो, आणि थोड्याच वेळांत तेथें मातीचा गोळा बसून चेन अडते. म्हणून शर्यतवाल्यांनीं तो पिंजराच काढून टाकला, पुढें एकच चेनव्हील ठेवलें आणि सारें काम मागच्या चक्रांच्या जुडग्यावर, म्हणजे कॅसेटवर, सोंपविलें. गंमत अशी कीं, आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीसही एकच चेनव्हील असे. परंतु ती चेन नेहमीं एकाच रेषेंत व ताणलेली राही. गिअरच्या सायकलीची चेन आडवी सरकते व खड्ड्यांत उसळून चेनव्हीलावरून उतरते. यावर तोड म्हणून एक दांता रुंद व एक अरुंद अशा ओळीचें चेनव्हील निघालें. चेनच्या कड्याही एकाआड एक रुंद-अरुंद असतात, त्यामुळें प्रत्येक दांता आपापल्या घरांत घट्ट बसतो. अमेरिकेंतील स्रॅम कंपनीनें २०१२ सालीं डोंगरी सायकलींसाठीं व २०१४ सालीं सायक्लोक्रॉससाठीं असे संच बाजारांत आणले, आणि ही रीत रूढ झाली.

एका चेनव्हीलानें काय गमवावें लागतें, त्याचा हिशेबच मांडूं. पुढें ४६ व ३६ दांते आणि मागें ११ ते २८ असा जुन्या रीतीचा संच घेतला, तर सर्वांत हलका गिअर ३६ भागिले २८, म्हणजे १.२९, व सर्वांत जड ४६ भागिले ११, म्हणजे ४.१८ येतो. आतां पुढें एकटें ३८ व मागें ११ ते ३६ घेतलें, तर हलका १.०६ व जड ३.४५ होतो. टायरासकट चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर धरावा. मग मिनिटास ८० वेळां पायडल फिरविणारी मुलगी हलक्या गिअरांत ताशीं सुमारें साडेदहा किलोमीटर वेगानें जाईल, आणि मिनिटास ९० फेऱ्यांनीं जड गिअरांत ताशीं ३९ किलोमीटरांपर्यंत पोंचेल. म्हणजे चढ पूर्वीपेक्षां सोपा झाला. गेला तो डांबरी उतारावरचा भरधाव वेग, आणि दोन गिअरांमधील पायऱ्या थोड्या उंच झाल्या. पाणंदीच्या प्रवाशास हा सौदा परवडणारा आहे.

मापांकडे वळण्यापूर्वीं जुन्या सायकलीची दोन ठिकाणीं परीक्षा करावी. फ्रेममध्यें ३३ मिलिमीटरांचा टायर बसून चिखलास वाट उरते काय, हें पाहावें. आंतरराष्ट्रीय शर्यतींत याहून रुंद टायर चालत नाहीं. मागचा हब कॅसेट घेणारा आहे काय, हेंही पाहावें. आट्यांवर फिरवून बसविण्याच्या फ्रीव्हीलाचा हब असेल, तर चाकच बदलावें लागेल आणि सारा हिशेब नव्यानें मांडावा लागेल.

पहिलें माप तारेच्या ओढीचें. लिव्हराची एक टिचकी तार ठराविक ओढते, मागचा डिरेलर त्या ओढीस ठराविक पटीनें गुणून चेन सरकवितो, आणि तें सरकणें दोन चक्रांमधील अंतराइतकें भरावें लागतें. जपानच्या शिमानो कंपनीच्या नऊ चक्रांच्या संचांत लिव्हर सुमारें २.५ मिलिमीटर तार ओढतो व डिरेलर तिची १.७ पट करतो. गुणाकार ४.२५ येतो, आणि चक्रांमधील अंतर ४.३५ आहे, एवढी तफावत डिरेलरच्या वरच्या कप्पीची मोकळीक सांभाळून घेते. त्याच कंपनीच्या दहा चक्रांच्या डोंगरी डिरेलरची पट मात्र सुमारें १.२ आहे. तो नऊच्या लिव्हरास जोडला तर चेन दर टिचकीस ३ मिलिमीटरच सरकेल. मग स्क्रू कितीही पिळले तरी गिअर जागीं बसावयाचे नाहींत. स्रॅमच्या दहाच्या डिरेलरची पट सुमारें १.३, तोही येथें निरुपयोगी. विवाहांत आपण सगोत्र वर्ज्य मानीत आलों. येथें उलट लिव्हर व डिरेलर सगोत्रच हवेत. आणि हें गोत्र केवळ कंपनीच्या नांवावरून ओळखूं नये, चक्रांची संख्या व पिढीही पाहावी. शिमानोचा रस्त्याच्या सायकलीचा नऊचा लिव्हर व नऊचाच डोंगरी डिरेलर हे एका गोत्राचे असून त्यांची जोडी चांगली नांदते. म्हणून आमची शिफारस अशी कीं, हँडलास सोरा जातीचा नऊचा लिव्हर व मागें अलिव्हिओ जातीचा नऊचा डिरेलर घ्यावा.

कॅसेट, चेन व चेनव्हील यांचें गोत्र मात्र विचारण्याचें कारण नाहीं. शिमानो, स्रॅम व तैवानची सनरेस यांच्या नऊच्या कॅसेटींत चक्रांमधील अंतर व्यवहारतः सारखेंच असतें, आणि चेनच्या दोन पिनांमधील अंतर तर सर्वांचें अर्धा इंच. कॅसेट एकाची, चेन तैवानच्या केएमसीची व चेनव्हील तिसऱ्याचें, असें खुशाल करावें. चेन नऊच्या कॅसेटसाठींच केलेली आहे, एवढें पाहिलें म्हणजे झालें.

दुसरें माप डिरेलरच्या आवाक्याचें. सैल चेन किती गोळा करतां येईल व मागचें मोठें चक्र किती दांत्यांचें चालेल, असे त्याचे दोन आंकडे असतात. पहिल्यासाठीं मागच्या मोठ्या-लहान चक्रांच्या दांत्यांतील फरकांत पुढच्या चेनव्हीलांतील फरक मिळवावा. वरील जुन्या संचांत ती बेरीज १७ अधिक १०, म्हणजे २७ होती. आतां ती ३६ उणें ११, म्हणजे २५ च आहे. येथेंच पुष्कळजण फसतात. बेरीज घटली म्हणून रस्त्याच्या सायकलीचा जुना डिरेलर ते तसाच ठेवतात. परंतु त्याची झेप बहुधा २८ ते ३२ दांत्यांपर्यंतच असते, आणि ३६ दांत्यांच्या चक्रावर त्याची कप्पी घांसूं लागते. अलिव्हिओ एम ४००० हा डिरेलर ३६ दांते पेलतो.

तिसरें माप चेनच्या रेषेचें. जुना क्रँक सुस्थितींत असेल तर तो बदलूं नये. त्याच्या पांच बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास तेवढा मोजावा. रस्त्याच्या सायकलींत तो बहुधा १३० किंवा ११० मिलिमीटर असतो. १३० वर बसणारें सर्वांत लहान चेनव्हील ३८ दांत्यांचें. आपल्या हिशेबास तें नेमकें पुरतें. रुंद-अरुंद दांत्यांचें चेनव्हील सम संख्येचेंच असतें, तीही अट येथें पुरी होते. दोन चेनव्हीलांचे बोल्ट एकट्यास लांब पडतात, म्हणून आंखूड बोल्ट घ्यावे. मग चेन मागें पांचव्या, म्हणजे नऊंपैकीं मधल्या, चक्रावर ठेवून पाठीमागून पाहावें. ती तिरकी दिसली तर चेनव्हील क्रँकच्या दुसऱ्या बाजूस बसवून पाहावें, किंवा बोल्टांपाशीं पातळ वॉशर घालावे. जालना हें लोखंडी सळयांच्या कारखान्यांचें गांव. लेथवर असा वॉशर कातून घेणें तेथें अवघड जाऊं नये.

आतां पैशांचें. क्रँक व लिव्हर जुने चालतील. लिव्हराच्या साऱ्या टिचक्या मात्र हातानें मोजून घ्याव्या. चेन, चेनव्हील, गिअरची तार व तिचें आवरण हीं नवींच घ्यावीं, कारण गंजलेल्या आवरणांत तार अडली म्हणजे उत्तम डिरेलरही बिघडल्यासारखा वागतो. जुन्या चेनची परीक्षा मुलांच्या फूटपट्टीनें होते. नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्या इंचाच्या सोळाव्या भागानें वाढल्या असतील तर चेन बदलावी. आठव्या भागानें वाढल्या असतील तर तिच्यासंगें फिरलेली कॅसेटही गेली असें समजावें. झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन घातली तर ती जोर लावतांच दांत्यांवरून निसटते. चढावर पायडलांवर उभ्या राहिलेल्या मुलीची चेन निसटली म्हणजे ती सरळ हँडलावर आदळते. येथें वांचविलेले पैसे डॉक्टरांकडे जातात.

याच कारणास्तव आणखी तीन पथ्यें सांगतों. चेनची लांबी ठरवितांना ती डिरेलरांतून न नेतां चेनव्हील व सर्वांत मोठें चक्र यांभोंवतीं गुंडाळावी व त्यापुढें एक इंच अधिक ठेवावी. आंखूड चेन डिरेलर मोडून टाकते. डिरेलर आरांत जाऊं नये म्हणून त्याचे दोन्ही मर्यादेचे स्क्रू पहिल्या फेरीपूर्वीं लावून घ्यावे. आणि सोरासारख्या लिव्हरांत ब्रेकही असतो, त्याची ओढ डोंगरी सायकलीच्या लांब व्ही-ब्रेकास पुरत नाहीं. तेथें कँटिलिव्हर किंवा रस्त्याच्या लिव्हरास चालणारा डिस्क ब्रेकच हवा.

काळी माती वाळून घट्ट होण्यापूर्वींच धुवावी. एक बादली पाणी व एक ब्रश पुरे. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगांत माती नेतो. मग चेन पुसून तेलाचे थेंब द्यावे व उरलेलें तेल पुसून काढावें.

जालन्याच्या भगिनीस आमची सूचना अशी कीं, कन्येस नाहीं म्हणूं नये. मात्र एक अट घालावी. कोणताही भाग मागविण्यापूर्वीं तिनें तारेची ओढ, डिरेलरचा आवाका व बोल्टांचा व्यास हे आंकडे स्वतः मोजून वा शोधून वहींत मांडावे आणि आपल्यासमोर त्यांचा मेळ दाखवावा. मेळ दिसला तर पैसे निर्धास्तपणें द्यावे, आणि जोडणीही तिच्याच हातून होऊं द्यावी. पावसाळ्यांत शिवारांत दूरवर चेन अडली, तर दुकानदार तेथें असणार नाहीं. तिचे हात असतील.