दिव्यावरचा अंधार

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सारेच शाळेत शिकलो. दिव्यावरच अंधार साचला तर काय करावे, हे मात्र कोणत्याच पाठ्यपुस्तकात नव्हते. आपल्या वार्षिकात प्रेम, पाऊस, परीक्षा आणि प्राध्यापक या चार विषयांची नेहमी चलती असते. मोटारीच्या हेडलाईटवर लिहिणारी मी बहुधा पहिलीच. संपादक मंडळाने मोठ्या मनाने क्षमा करावी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि घर चालते ते अण्णांच्या गाडीवर. तेव्हा विषय शोधायला लांब जावे लागले नाही.

अण्णा नाशिकरोड स्टेशनवरून शिर्डीच्या फेऱ्या करतात. रात्रीचे उतारू घेऊन निघाले की शिंदे, पळसे मागे पडते, मोहदरी घाट चढून सिन्नर येते आणि पुढे वावीकडे नुसता सपाट काळोख. गेल्या हिवाळ्यात त्या काळोखात उसाची एक ट्रॉली उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अण्णांना ती दिसली ती अगदी जवळ गेल्यावर. गाडी कशीबशी थांबली. मागे एक बाई तान्हे मूल घेऊन बसली होती, तिची किंकाळी अण्णा अजून सांगतात. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “डोळे गेले वाटतं माझे.”

डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबर होता तोच होता. मग एका संध्याकाळी गाडीसमोर उभी राहून मी हेडलाईट लावायला सांगितले, तेव्हा कळले की मोतीबिंदू अण्णांना नव्हे, गाडीला झाला आहे. दोन्ही काचा पिवळ्या, धुरकट. आम्ही रोज ती गाडी धूत होतो, तरी दिसले नाही. रोज कणाकणाने बिघडणारी गोष्ट घरच्यांना शेवटी दिसते.

आपण सवयीने काच म्हणतो, पण ती काच नसते. ॲम्बॅसिडर, पद्मिनी या जुन्या गाड्यांच्या दिव्यांना खरी काच असे. ती फुटे, पण पिवळी पडत नसे. हल्ली असते पॉलीकार्बोनेट नावाचे प्लास्टिक. हलके, हवा तो आकार घेणारे, दगड लागला तरी सहसा न फुटणारे. मात्र ते मऊ असल्याने कारखान्यात त्यावर एक पातळ कठीण लेप चढवतात. उन्हातले अतिनील किरण आधी हा लेप खातात, मग खालचे प्लास्टिक. स्टँडवर वैशाखाच्या उन्हात दिवसभर उभ्या असणाऱ्या गाडीचे काय होणार, ते सांगायला नको. उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी त्या धुरकटपणात विखुरतो. अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘एएए’ या संस्थेने २०१८ साली मोजमाप प्रसिद्ध केले, त्यात असे काळवंडलेले दिवे नव्याच्या सुमारे २० टक्केच उजेड देत होते.

सल्ले भरपूर मिळाले. गॅरेजवाल्याने दोन्ही दिवे नवे घाला म्हणून आकडा सांगितला; त्यात माझी वर्षाची फी निघाली असती. स्टँडवरचे एक काका म्हणाले, पांढराशुभ्र एलईडी बल्ब टाका. हा उपाय मला सर्वांत वाईट वाटतो. धुरकट काचेमागे जास्त उजेड ठेवला की तो वाटेल तसा विखुरतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसत नाही म्हणून दुसऱ्याला आंधळे करायचे, हा कुठला न्याय? शेजारच्या मावशींनी टूथपेस्ट सुचवली. ती आम्ही करून पाहिली. काच लखलखली, अण्णा खूश झाले, आणि काही आठवड्यांत पिवळेपणा परत हजर. पेस्ट बारीक घासते हे खरे, पण घासून उघड्या पडलेल्या प्लास्टिकला उन्हापासून झाकणार कोण?

म्हणून मी रविवारी रीतसर बसले. बिटको चौकाजवळून वॉटर पेपर आणले : १००० नंबर, २००० आणि ३०००. रंगाला ओरखडे नकोत म्हणून दिव्याभोवती टेप लावली. साबणाच्या पाण्यात कागद भिजवून, जाडसर कागदापासून बारीककडे जात, एकाच दिशेने घासत राहिले. पहिल्या कागदानंतर काच दुधासारखी पांढरी झाली आणि माझ्या पोटात गोळा आला. नेमक्या त्याच वेळी मावशी ओट्यावर आल्या. “कॉलेजात घालून पोरीला हेच शिकवलं का?” अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी बादलीतले पाणी बदलून आणले. ते बादली घेऊन माझ्याजवळ उभे राहिले, ते मला पुष्कळ होते.

३००० नंबरनंतर पॉलिश लावले, तेव्हा आतला बल्ब स्वच्छ दिसू लागला. येथेच बहुतेक जण थांबतात आणि येथेच चुकतात. पुसून, कोरडे करून, वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट मारला आणि तो वाळेपर्यंत गाडी सावलीतून हलवू दिली नाही. एक फेरी बुडाली. सगळा खर्च चारशे रुपयांच्या आत.

हा कायमचा इलाज नव्हे, हेही सांगते. ‘एएए’च्याच मोजणीत असे घासलेले दिवे सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आले होते, शंभरावर नाही. तडा गेला असेल किंवा आतून ओल धरली असेल तर नवा दिवा घेणेच बरे. पण २० आणि ७० यांच्यामध्ये ती उसाची ट्रॉली उभी आहे.

आता स्टँडवरचे दोघे जण कागदांचे नंबर लिहून घेऊन गेले आहेत. आणि परवा तास चुकवून (एकच!) मी आपल्या महाविद्यालयाच्या आवारातल्या चारचाकी पाहून आले. सात गाड्यांचे दिवे पिवळे आहेत. त्यांतील तीन प्राध्यापकांच्या; नावे छापत नाही. सरांनी रविवारी गाडी चिंचेखाली लावावी. बादली मी आणते.