ओसीटी केली, मग थेंब कशाला?

मधुमेह असलेले रुग्ण हल्ली विचारतात, "डॉक्टर, डोळ्यांची ओसीटी केली, मग आता थेंब घालून तपासणी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. १९९१ पासून पुढे आलेले हे तंत्र खरोखर उपयोगी आहे. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. डोळ्यात सोडलेला प्रकाश पडद्याच्या थरांवरून कसा परततो, एवढेच यंत्र मोजते. पडद्याच्या मध्यभागी आलेली थोडीशी सूजही त्यात कळते.

पण नेहमीची ओसीटी मुख्यतः मधलाच भाग दाखवते. कडेचा रक्तस्राव सुटू शकतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे: थेंबांचा कंटाळा करू नका. नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्याच. त्या दिवशी गाडी मात्र दुसऱ्याला चालवू द्या.