जागा कोर्टवर मिळवायची असते

फेब्रुवारी २०२३ चा शेवटचा आठवडा. जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, आइसलँडने यजमानांना ८०-७७ असे हरवले आणि जल्लोष मात्र हरलेल्या जॉर्जियाने केला. तीन महिन्यांपूर्वी रेक्याविकला जॉर्जियाने ८८-८५ अशी बाजी मारली होती. तिथेही फरक तीनच गुणांचा. आपसांतली लढत बरोबरीत सुटल्यावर गटातला एकूण गुणफरक पाहिला गेला आणि त्यात जॉर्जिया पुढे निघाला. आइसलँडला चार गुणांनी जिंकायचे होते, तो तीन गुणांनी जिंकला. चार लाखांहून कमी वस्तीचा, तोवर एकदाही बास्केटबॉलचा विश्वचषक न खेळलेला देश एका गुणाने बाहेर राहिला, आणि जॉर्जिया पहिल्यांदा आत गेला.

हे आधी सांगितले, कारण ज्या पात्रता पद्धतीतून हा सामना घडला ती मोडीत काढा असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पण ते चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पद्धत आधी समजून घेऊ. २०१९ च्या विश्वचषकापासून फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल महासंघाने, संघांची संख्या २४ वरून ३२ केली आणि पात्रतेची रीतच बदलली. पूर्वी खंडाची स्पर्धा एखाद्या देशात दोन-तीन आठवडे चाले आणि तिच्या निकालावर जागा ठरत. आता जगभरातले ८० संघ सुमारे सव्वा वर्ष, सहा ‘विंडों’मध्ये, म्हणजे राष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत, फुटबॉलसारखे एकदा घरी आणि एकदा पाहुणे होऊन खेळतात. चारचा गट, सहा सामने, पहिले तीन पुढे. मग दोन गट एकत्र करून सहाचा गट, आधीचे निकाल तसेच धरून आणखी सहा सामने. युरोपला १२ जागा, आशिया-ओशनियाला ८, अमेरिका खंडाला ७, आफ्रिकेला ५. यजमानांच्या जागा यातच.

पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या विंडोंत एनबीएचे खेळाडू येत नाहीत. युरोपातल्या बड्या क्लबांची युरोलीग आपले वेळापत्रक थांबवत नाही, त्यामुळे तिथलेही बहुतेक येत नाहीत. मग देशाचा खरा संघ खेळतो कुठे? उदाहरण स्लोव्हेनियाचे दिले जाते, आणि ते चपखल आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इस्तंबूलला सर्बियाला ९३-८५ असे हरवून स्लोव्हेनिया युरोपचा विजेता झाला. अंतिम सामन्यात गोरान ड्रॅगिचचे ३५ गुण होते आणि संघात अठरा वर्षांचा लुका डोंचिच होता. दोनच महिन्यांनी पात्रता सामने सुरू झाले तेव्हा यातला एक एनबीएत आणि दुसरा रेआल माद्रिदच्या युरोलीग सामन्यांत. युरोपचा विजेता २०१९ च्या विश्वचषकाला पात्रच ठरला नाही.

याची हळहळ मलाही आहे. पण दोष कोणाचा, हे नीट पाहायला हवे. ऑगस्ट २०२२ ची विंडो आठवा. क्लबांचे हंगाम बंद होते. बेलग्रेडमध्ये सर्बिया आणि ग्रीस समोरासमोर आले. एकीकडे निकोला योकिच, दुसरीकडे यानिस आंतेतोकुंपो. यानिसने ४० गुण केले तरी जादा वेळेत सर्बियाने १००-९४ असा सामना काढला. कोण म्हणेल की तो दुय्यम सामना होता? पद्धत तीच, फक्त तारीख बदलली होती. रोग वेळापत्रकाचा असताना औषध पद्धतीला कशाला द्यायचे?

शिवाय तारे नसतात म्हणून पात्रता फेरी खोटी ठरत असेल, तर २०२३ चा विश्वचषकही खोटाच म्हणावा लागेल. ऐन उन्हाळ्यात, फिलिपाइन्स, जपान आणि इंडोनेशियात झालेल्या त्या स्पर्धेत योकिच नव्हता आणि यानिसही नव्हता. तरी योकिचविना सर्बिया अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि जर्मनीने त्याला ८३-७७ असे हरवून विश्वचषक जिंकला. आपला एनबीएतला तारा पोर्झिंगिस याच्याविना आलेला लाटविया पहिल्याच विश्वचषकात पाचवा आला. एक-दोन नावांच्या पलीकडे देशात खेळ किती खोल रुजला आहे, हे अशा वेळी कळते, आणि पात्रता फेरीने नेमके तेच तपासले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की मोठे संघ बाहेर राहतात आणि स्पर्धेची शोभा जाते. २०१९ चा उपविजेता अर्जेंटिना २०२३ ला नव्हता. का नव्हता? मार देल प्लाताला, आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर, तो डॉमिनिकन रिपब्लिककडून ७५-७९ असा हरला. चार गुणांची हार, चाळीस मिनिटांच्या खेळात, पंचांच्या आणि सगळ्या जगाच्या देखत. यात अन्याय कुठे आहे? चार वर्षांपूर्वीच्या रौप्यपदकावर आजची जागा मागता येत नाही.

आणि ‘शोभे’साठी जागा वाटल्या की काय होते, तेही आपण पाहिले आहे. २००६, २०१० आणि २०१४ या तिन्ही विश्वचषकांत चार-चार जागा ‘वाइल्ड कार्ड’ म्हणून दिल्या गेल्या. त्या देताना खेळाबरोबर देशाची बाजारपेठ, टीव्हीचा प्रेक्षक आणि महासंघाची पैसे मोजायची तयारी, हेही पाहिले जाई. २०१३ च्या अमेरिका खंडाच्या स्पर्धेत ब्राझील चारही सामने हरला, आणि २०१४ च्या विश्वचषकात तो खेळला! कोणी म्हणेल, २०१० मध्ये लिथुआनियाने वाइल्ड कार्डावर येऊनच कांस्यपदक जिंकले. जिंकले, हे खरे. लिथुआनिया मोठा संघ होता याबद्दल वाद नाहीच. वाद एवढाच आहे की त्याच दाराबाहेर जे देश उभे होते, त्यांना कोणाला हरवले की आत जाता येईल हे कोणी सांगू शकत नव्हते. आइसलँडला ते ठाऊक होते. चार गुण. न मिळाल्याचे दुःख आहे, पण फसवले गेल्याचे नाही.

बोलावून दिलेल्या जागेचा अनुभव आपल्यालाही आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अनेक देशांनी बहिष्कार घातला, जागा रिकाम्या झाल्या आणि भारताच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल खेळायला मिळाले. एकही सामना जिंकता आला नाही. त्यानंतर आजवर आपला पुरुष संघ ऑलिंपिकला परत गेलेला नाही, आणि विश्वचषक तर आपण कधीच खेळलो नाही. त्या जागेमागे काही उभे राहिलेले नव्हते, त्यामुळे तिच्यापुढेही काही उभे राहिले नाही.

इथेच तिसरा आक्षेप येतो: दुबळ्या संघांना तीस-तीस गुणांनी हरायला का बोलवायचे? २०१९ च्या पात्रता फेरीत भारत जॉर्डन, लेबनॉन आणि सीरियाच्या गटात होता आणि सहाच्या सहा सामने हरला. मला त्याचे समर्थन करायचे नाही. पण त्या सहांपैकी तीन सामने भारतात झाले. आपल्या देशाचा महत्त्वाचा बास्केटबॉल सामना तिकीट काढून पाहता येणे, ही जुन्या पद्धतीत क्वचितच मिळणारी गोष्ट होती. मुंबईत नागपाड्याच्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलेला मुलगा सकाळी उठून एनबीए पाहतो, खेळाडूंची नावे तोंडपाठ म्हणतो. स्वतःच्या देशाच्या संघातली पाच नावे त्याला येत नाहीत. ती कळायची असतील तर तो संघ त्याच्या देशात खेळला पाहिजे, हरला तरी.

म्हणूनच या पद्धतीचा कैवार घेताना फिबालाही एक गोष्ट ऐकवली पाहिजे. आफ्रिकेत ही पद्धत अर्धवट राबवली जाते. तिथे विंडोतले सामने एका शहरात संघांना जमवून उरकले जातात. दक्षिण सुदान २०११ मध्ये स्वतंत्र झाला, २०१३ मध्ये फिबाचा सदस्य झाला आणि दहा वर्षांत विश्वचषकाला पात्र ठरला. महासंघाचा अध्यक्ष लुओल डेंग, एनबीएतला जुना खेळाडू. राजधानी जुबात खेळायचे तर उघड्यावर. हा संघ घरी एकही सामना न खेळता पात्र झाला, आफ्रिकेतला सर्वोत्तम ठरून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला आणि तिथे पोर्तो रिकोला हरवले. या पराक्रमाचा एकही टप्पा जुबातल्या लोकांना प्रत्यक्ष पाहता आला नाही. घरचा सामना हा या पद्धतीचा प्राण असेल, तर ज्यांच्याकडे छप्पर नाही त्यांना ते बांधून द्यायला फिबाने पैसा खर्च केला पाहिजे.

दुसरी दुरुस्ती मी सुचवतो ती खेळाडूंच्या बाजूने. २०१९ साठी अमेरिकेला पात्रता मिळवून दिली ती जेफ व्हॅन गंडींच्या हाताखाली खेळलेल्या, बहुतांशी जी-लीगच्या, म्हणजे एनबीएच्या दुय्यम लीगच्या, खेळाडूंनी. चीनमधल्या विश्वचषकाला मात्र एनबीएचे खेळाडू गेले आणि सातवे आले. थंडीत परक्या शहरांत जाऊन जागा मिळवायची एकाने आणि विमानात बसायचे दुसऱ्याने, हे बरे नव्हे. विश्वचषकाच्या बारा जणांत पात्रता फेरी खेळलेले किमान चार असलेच पाहिजेत, असा नियम फिबाने करावा.

आणि शेवटचे मागणे युरोलीगकडे आहे. फिबा आणि युरोलीगचे भांडण २००० साली क्लबांनी फिबापासून वेगळी चूल मांडली तेव्हापासूनचे आहे आणि त्याची किंमत आजवर खेळाडूंनी मोजली आहे. देशाची जर्सी घालू की पगार देणाऱ्या क्लबची, असा पेच विशी-बाविशीच्या पोरावर टाकू नये. पुढचा विश्वचषक २०२७ मध्ये कतारला आहे. त्यानंतरच्या विश्वचषकाचे वेळापत्रक ठरण्याआधी फिबा आणि युरोलीगने एका टेबलाशी बसावे, आणि नोव्हेंबर व फेब्रुवारीत दहा-दहा दिवस क्लबांचे सामने बंद ठेवावेत.