वेग नको, रेसिंगमागचे विज्ञान शिका

"डॉक्टर, फॉर्म्युला वनमध्ये ताशी ३०० किलोमीटरने गाडी चालवतात. त्यांना कुठे काय होतं?" मान दुखते म्हणून वडिलांसोबत आलेल्या एका कॉलेजच्या मुलाने मला विचारले. घाटातल्या वळणावर त्याची कार घसरून कठड्याला धडकली होती. सुदैवाने मानेच्या स्नायूंना ताण येण्यावर निभावले.

"हे रेसचं खूळ आधी बंद करायला सांगा," वडील म्हणाले. माझे मत वेगळे आहे. मुलाने रेसिंगचा फक्त वेग पाहिला, त्यामागचे विज्ञान पाहिलेच नाही. ते शिकला असता, तर वळणावर त्याने असा ब्रेक मारला नसता.

टायरची पकड मर्यादित असते

कारच्या प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. ब्रेक लावणे, वळणे आणि वेग वाढवणे ही तिन्ही कामे तेवढ्याच पकडीतून होतात. ब्रेकसाठी जास्त पकड वापरली, तर वळण्यासाठी कमी उरते. त्यातच वळणावर घाबरून ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे सरकतो, मागची चाके हलकी होतात आणि गाडी फिरते. म्हणून रेसिंग शिकणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हा : वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावरच कमी करा.

वेग दुप्पट, धोका चौपट

वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून पडणे. ताशी १०० ला हीच उंची सुमारे ४० मीटर होते. हे एका उंच इमारतीच्या गच्चीवरून पडण्यासारखे आहे.

शरीर थांबते, डोके थांबत नाही

टक्कर झाल्यावर पट्टा छातीला धरून ठेवतो, पण डोके पुढे जातच राहते. मान जोराने ताणली जाते आणि कधीकधी कवटीच्या तळाचे हाड मोडते. २००१ मध्ये अमेरिकेतील डेटोना येथे प्रसिद्ध ड्रायव्हर डेल अर्नहार्ट यांचा मृत्यू अशाच फ्रॅक्चरमुळे झाला. हेल्मेटला खांद्यावरच्या आधाराशी बांधून ठेवणारे 'हान्स' हे उपकरण २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये सक्तीचे आहे.

२९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमां ग्रोजां यांची कार ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यावर आदळली. धक्का ६७ जी इतका, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. कार दुभंगली, पेटली. तरीही ते साधारण २८ सेकंदांत स्वतः बाहेर आले. त्यांचे हात भाजले, पण जीव वाचला. तो वाचवला पट्ट्यांनी, हान्सने, डोक्याभोवतीच्या 'हेलो' या कड्याने आणि ड्रायव्हरभोवतीच्या न चेपणाऱ्या मजबूत सांगाड्याने. यातील प्रत्येक गोष्ट आधीच्या अपघातांचा अभ्यास करून आलेली आहे. 'त्यांना काही होत नाही' याचे खरे उत्तर हे आहे.

आपल्या गाडीत हान्स किंवा हेलो नसतो. पण पुढील गोष्टी आपल्या हातात आहेत :

• मागच्या सीटवरही पट्टा लावा. पट्टा न लावलेला माणूस टकरीत पुढच्यावर जाऊन आदळतो.
• खालचा पट्टा पोटावर नव्हे, कंबरेच्या हाडांवर हवा. पोटावरचा पट्टा आतड्यांना इजा करू शकतो.
• डोक्यामागची उशी डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत उचला. गळ्याशी असलेली उशी मानेला वाचवत नाही.
• टायरची हवा आणि झीज नियमित तपासा. पावसात वेग कमी ठेवा, पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवा.

ड्रायव्हिंग शिकवताना आपल्याकडे क्लच, गिअर आणि पार्किंग शिकवतात. पकड, भार आणि ऊर्जा याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. हे बदलायला हवे. यासाठी जड गणित लागत नाही, शाळेतले विज्ञान पुरते.

त्या मुलाला मी रेस बघायला मनाई केली नाही. फक्त सांगितले, "पुढच्या वेळी ते गाडी किती जोरात पळवतात याऐवजी ब्रेक कुठे लावतात ते बघ."